जमिनीखालची टाकी



मागच्या काही भाषणांत आपण विहिरी, आड आणि बारव यांच्याबद्दल बोललो. आज विहिरीच्या शेजारी पुरलेल्या एका वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. पेट्रोल पंपावर आपण नळी बघतो, मीटर बघतो, पैसे देतो आणि निघतो. ते पेट्रोल मात्र आपल्या पायाखाली, डांबर-काँक्रीटच्या खाली पुरलेल्या टाकीत असतं. ती टाकी तिथे का गेली, गळायला कधी लागली, आणि ती गळते हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं, हे आज बघू.

सुरुवात एका बाईपासूनच करता येते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या मोटारीतून माहेरी निघाल्या. मोटारीने केलेला तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत विस्लॉख गावाजवळ इंधन संपत आलं. तेव्हा पंप कुठले असायला? बर्थाबाईंनी गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचा द्रव विकत घेतला. कपड्यांवरचे डाग काढायला बायका तो वापरत. म्हणजे त्या काळी गाडीचं इंधन दुकानाच्या फळीवर बाटलीत असायचं. बाटली गळली तर फळी ओली व्हायची, दुकानदाराला वास यायचा, तो बाटली बदलायचा. गळती डोळ्यांपुढे होती.

मोटारी वाढल्या तशा बाटल्या पुरेनात. अमेरिकेत सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसाने १८८५ सालीच फोर्ट वेन गावातल्या एका किराणा दुकानासाठी रॉकेल काढायचा हातपंप बनवला होता. तोच पुढे पेट्रोलला लागू झाला. १ डिसेंबर १९१३ ला पिट्सबर्ग शहरात गल्फ कंपनीने रस्त्यालगत गाडी आत घेऊन इंधन भरायचं खास ठिकाण उघडलं. आजच्या पंपाचं मूळ रूप ते. एवढं इंधन जमिनीवर ठेवायचं म्हणजे आगीशी खेळ. वस्तीत एक ठिणगी पडली तर सगळी आळी जळायची. म्हणून टाकी जमिनीत पुरायची पद्धत पडली. आगीपुरता तो उपाय शहाणपणाचा होता, आजही आहे. पण ज्या मातीत टाकी पुरली त्याच मातीतून पाणी झिरपतं आणि तेच पाणी कुणीतरी पितं, ही गोष्ट तेव्हाच्या हिशेबात नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींचा सुकाळ झाला. १९५० आणि ६० च्या दशकांत हमरस्त्यांवर हजारोंनी पंप उभे राहिले. त्यांच्या टाक्या बहुतेक साध्या पोलादी पत्र्याच्या होत्या, वर कसलंही संरक्षण नाही. आपल्या मोरीतलं लोखंडी पिंप किती वर्षं टिकतं हे कुणा बाईला सांगायला नको. ओल्या मातीत तर पोलाद आणखी लवकर गंजतं. एका जागी माती दमट, दुसऱ्या जागी कोरडी असली की त्याच पत्र्याच्या दोन भागांत बारीकशी वीज वाहू लागते आणि एका ठिकाणचं लोखंड झिजत जातं. सगळा पत्रा सारखा पातळ होत नाही, सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. पंधरा-वीस वर्षांत अशी भोकं पडू लागली. टाक्यांपेक्षाही टाकीपासून पंपापर्यंत जाणारे नळ आणि त्यांचे सांधे जास्त दगा देत.

भोक लहान, मग नुकसान तरी किती? सेकंदाला एक थेंब धरू. दिवसाला साधारण सव्वाचार लिटर होतात. वर्षाला दीड हजार लिटरच्या वर.

पंपावर रोज सकाळी टाकीत काठी बुडवून किती माल आहे ते मोजतात. आपल्याकडेही याला ‘डिप घेणं’ म्हणतात. टँकरने किती आलं, मीटरवर किती विकलं आणि काठीवर किती उरलं, हे तीन आकडे जुळायला हवेत. ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत. पेट्रोल उडून जातं, ऊन-थंडीने फुगतं-आकसतं, काठी थोडी तिरपी पडते. त्यामुळे थोडी तूट आली की मालक वहीत ‘उडून गेलं’ असं धरून पुढे जायचा. दिवसाच्या सव्वाचार लिटरसाठी कोण फरशी खणणार? जी तूट वहीत हवेच्या नावावर टाकली जात होती, तिचा काही भाग खाली मातीत जात होता. ही टाक्यांची गोष्ट आहे, तशीच ती वहीतल्या या एका रकान्याचीही आहे, असं आम्हाला वाटतं.

मातीत उतरलेलं पेट्रोल खाली भूजलापर्यंत पोचतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पाण्याच्या पातळीवर थर धरतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर उपसून काढता आलं असतं. पण पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांची खिचडी. त्यातला बेंझीन हा घटक पाण्यात थोडा विरघळतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकाने पक्कं केलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम घातली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का चालतं. आम्ही कागदावर गणित मांडलं. एका लिटर पेट्रोलमधलं एवढं बेंझीन आठ लाखांहून अधिक लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ऐंशीहून जास्त टँकर. प्रत्यक्षात काही बेंझीन उडून जातं, काही मातीतले जीवाणू खातात, सगळं पाण्यात पोचत नाही. तरी एक लिटर म्हणजे काय, याचा अंदाज यावा.

आता गावांकडे वळू.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप कॉड नावाची वाळूची लांब जीभ समुद्रात गेली आहे. तिच्या टोकाला प्रोव्हिन्सटाउन हे मासेमारीचं गाव. गावाला पाणी शेजारच्या ट्रुरो गावातल्या विहिरींचं. १९७७ च्या अखेरीस त्या विहिरींपासून जेमतेम काही शे फुटांवर असलेल्या पंपाची टाकी गळल्याचं उघड झालं. सुमारे तीन हजार गॅलन, म्हणजे अकरा हजार लिटरच्या आसपास पेट्रोल वाळूत गेलं होतं. विहिरींचा उपसा चालू ठेवला असता तर पंपांनी ते पेट्रोल स्वतःकडे ओढून घेतलं असतं. म्हणून गावाने आपल्या मुख्य विहिरी स्वतःच बंद केल्या आणि पाण्यासाठी जवळच्या हवाई दलाच्या तळावरच्या विहिरींकडे धाव घेतली. उन्हाळ्यात या गावात पर्यटक येऊन वस्ती कित्येक पटींनी वाढते, त्या गर्दीला उसन्या विहिरींवर पाणी पुरवायचं होतं. जमिनीतलं पेट्रोल उपसायला आणि पाणी शुद्ध करायला कित्येक वर्षं गेली, आणि गळलेल्या पेट्रोलच्या किमतीशी तुलनाच होऊ नये एवढा पैसा लागला.

दुसरं ठिकाण पश्चिमेकडचं, कॅलिफोर्नियातलं सॅन होझे. इथली टाकी पेट्रोलची नव्हती, फेअरचाइल्ड या संगणकाच्या चकत्या बनवणाऱ्या कारखान्याची होती. तिच्यात धुण्यापुसण्याची रसायनं साठवलेली. १९८१ च्या डिसेंबरमध्ये ती टाकी गळत असल्याचं आणि ते रसायन वस्तीला पाणी देणाऱ्या एका विहिरीत पोचल्याचं कळलं. वस्तीला हे पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रातून समजलं. तिथल्या एका आईने, जिच्या बाळाला जन्मतः हृदयाचा विकार होता, शेजारणींकडे चौकशी सुरू केली. कुणाचा गर्भपात झाला, कुणाचं मूल व्यंग घेऊन जन्मलं, हे घरोघरी विचारून तिने नोंदवलं. तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. तिच्याकडे शेजारणींचा विश्वास होता. सरकारी आरोग्य खात्याच्या पाहणीत पुढे त्या भागात गर्भपात आणि जन्मजात व्यंगांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं. ते त्याच पाण्यामुळे झालं हे मात्र सिद्ध होऊ शकलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण तोवर जमिनीखालच्या टाक्यांचा प्रश्न घराघरांत पोचला होता. कॅलिफोर्नियाने १९८३ साली टाक्यांसाठी कायदा केला. सगळ्या देशासाठी असा कायदा तेव्हा नव्हता.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘सिक्स्टी मिनिट्स’ या लोकप्रिय कार्यक्रमात ‘चेक द वॉटर’ नावाचा भाग दाखवला गेला. गळक्या टाक्यांमुळे ज्यांचं पाणी नासलं होतं अशा कुटुंबांची ती हकीगत होती. कुठे नळाला पेट्रोलचा वास, कुठे तळघरात वाफ, हे रविवारच्या रात्री देशभर बघितलं गेलं. आम्ही रेडिओवाल्या, त्यामुळे दूरदर्शनचं एवढं कौतुक करताना जरा जड जातं. पण पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने घातक कचऱ्याच्या कायद्यात दुरुस्ती करून जमिनीखालच्या टाक्यांसाठी वेगळा भाग घातला. अमेरिकेचं पर्यावरण खातं आजही आपल्या टाक्यांच्या इतिहासात त्या कार्यक्रमाची नोंद ठेवतं.

वास सगळ्यांत आधी कुणाला येतो, याचा विचार करा. पाणी भरणारीला, भांडी घासणारीला, गरम पाण्याने मुलांना न्हाऊ घालणारीला. बेंझीन उडणारा पदार्थ. पाणी तापलं की तो वाफेबरोबर घरात पसरतो, म्हणून बंद न्हाणीघरात तो श्वासावाटेही अंगात जातो. पहिल्या तक्रारींना ‘तुम्हाला भास होतोय’ असं उत्तर मिळणं हे काही एकाच देशाचं वैशिष्ट्य नव्हे.

कायदा झाला. मग कळलं की टाक्या आहेत किती हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नोंदणी सुरू झाल्यावर आकडा वीस लाखांच्या पुढे गेला. बंद पडलेल्या पंपांखाली, शेतांत, शाळांच्या आवारात, विसरलेल्या टाक्या निघाल्या. १९८६ साली सफाईसाठी निधी काढला. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर एका सेंटचा दहावा भाग कर लावला. मालक सापडत नाही किंवा दिवाळं वाजलंय, अशा जागा या पैशातून साफ करायच्या होत्या. १९८८ साली सविस्तर नियम आले आणि त्यांत दहा वर्षांची मुदत दिली. २२ डिसेंबर १९९८ पर्यंत उघड्या पोलादाच्या जुन्या टाक्यांना गंजरोधक संरक्षण द्यायचं, भरताना सांडू नये अशी सोय करायची, नाहीतर टाकी बंद करायची किंवा बदलायची.

गंजरोधक संरक्षणाची एक युक्ती आम्हाला फार आवडली. टाकीला जस्ताचा किंवा मॅग्नेशियमचा तुकडा तारेने जोडून शेजारी मातीत पुरतात. हा धातू पोलादापेक्षा लवकर झिजतो, म्हणून आधी तो झिजतो आणि टाकी वाचते. तुकडा संपला की नवा पुरायचा. कुणी विसरलं, तर टाकी पुन्हा उघडी.

याच नियमांत वहीतल्या त्या रकान्यालाही जागा मिळाली. महिन्याची तूट किंवा वाढ, विक्रीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन यापेक्षा जास्त निघाली आणि सलग दुसऱ्या महिन्यातही तसंच झालं, तर गळतीचा संशय धरून कळवायचं. ऐकायला कडक वाटतं. पण ज्या पंपावर महिन्याला पन्नास हजार गॅलन विकलं जातं, तिथे ६३० गॅलन, म्हणजे जवळजवळ चोवीसशे लिटरपर्यंत कुणी भुवई उंचावणार नाही. सेकंदाला एक थेंब तर महिन्याला शे-सव्वाशे लिटरच होतात. तो थेंब वहीतून सुटलाच. म्हणून वहीच्या जोडीला टाकीची दाबाखाली तपासणी, तिच्या भोवती निरीक्षण विहिरी, आत कायमचं मोजणारं यंत्र, असे इतर उपायही नियमांत होते. २००५ च्या कायद्याने आणखी दोन गोष्टी आणल्या. दर तीन वर्षांनी टाक्यांची तपासणी, आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवी टाकी टाकायची तर तिला दुहेरी कवच.

खर्चाने कितीतरी छोटे, घरचे पंप कायमचे बंद पडले. नवरा-बायकोने मिळून चालवलेला पंप, बचत सगळी त्याच टाकीत, आणि ती खणून काढायचा खर्च पंपाच्या किमतीला भिडणारा. गळती झाली त्यांचं पाणी गेलं आणि गळती झाली त्यांचाही धंदा गेला. पेट्रोल विकून सर्वांत जास्त कमावणाऱ्या मोठ्या कंपन्या बऱ्याचदा बाजूला राहिल्या.

त्या कंपन्या कोर्टात उभ्या राहिल्या त्या दुसऱ्याच कारणाने. पेट्रोलमधून शिसं काढलं तेव्हा त्याच्या जागी एमटीबीई नावाचं रसायन आलं. १९९० च्या हवाशुद्धीच्या कायद्यानंतर, धूर कमी व्हावा म्हणून, ते काही शहरांत दहा-अकरा टक्क्यांपर्यंत मिसळू लागले. हवेसाठी ते चांगलं होतं. पण ते पाण्यात साखरेसारखं मिसळतं, मातीला चिकटत नाही, जीवाणू त्याला सहज खात नाहीत. पेट्रोलचे बाकी घटक टाकीजवळ रेंगाळत असताना एमटीबीई कितीतरी पुढे निघून जातं. आणि अगदी थोडं असलं तरी पाण्याला औषधासारखी चव आणि वास येतो.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराच्या चारनॉक विहिरींत नेहमीच्या तपासणीत ते सापडलं. प्रमाण वाढतच गेलं आणि जून १९९६ पर्यंत तिथल्या सगळ्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं जवळजवळ निम्मं पिण्याचं पाणी त्या विहिरींचं होतं. समुद्रकाठच्या सधन शहराला बाहेरून पाणी विकत आणायची वेळ आली. चारनॉकचं पाणी शुद्ध करून पुन्हा नळाला यायला २०११ साल उजाडलं. म्हणजे १९९६ ला जन्मलेलं मूल तोवर दहावीच्या वयाचं झालं होतं. डोंगरातल्या साउथ लेक टाहो गावातही विहिरींत एमटीबीई निघालं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने तेल आणि रसायन कंपन्यांवर दावा लावला. २००२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने हा माल मुळातच सदोष असल्याचं मान्य केलं, आणि सगळ्या तडजोडी मिळून संस्थेला ६ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी १९९९ मध्येच एमटीबीई बंद करायचा हुकूम काढला होता.

आजवर अमेरिकेत टाक्यांमधून गळती झाल्याची पाच लाखांहून जास्त प्रकरणं नोंदली गेली. बहुतेक जागा साफ झाल्या, हजारो अजून बाकी आहेत.

हे सगळं तिकडचं. आपल्याकडे पेट्रोल पंपाच्या टाकीला परवानगी देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. पूर्वी तिला स्फोटक विभाग म्हणत, आता पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना म्हणतात. नावातूनच दिसतं की आपल्या नियमांचा जन्मही आगीच्या आणि स्फोटाच्या भीतीतून झाला. पाणी उशिरा आलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालयं आणि निवासी भागापासून नवा पंप ५० मीटरच्या आत नसावा, हे त्यांत आहे. गोव्यात वास्कोजवळच्या मायमोळे भागात २०२४ साली विहिरींत इंधन उतरल्याच्या तक्रारी झाल्या, तिथे संशय जमिनीखालून जाणाऱ्या इंधनवाहिनीवर होता.

आपली जमीनही वेगळी आहे. केप कॉडच्या वाळूत पाणी चहूकडे सावकाश पसरतं, कुठे जाणार याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे वर माती, मग मुरूम, खाली काळा कातळ, आणि पाणी वाहतं ते कातळाच्या भेगांतून. विहीर खणणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. एका विहिरीला झरा लागतो, वीस हातांवरची कोरडी राहते. पेट्रोलही त्याच भेगांनी जातं. म्हणून पंपाजवळच्या विहिरीला वास नाही आणि लांबच्या बोअरला आहे, असं घडू शकतं. ‘आमच्या आणि तुमच्या मध्ये दोन विहिरी चांगल्या आहेत’ हे उत्तर अशा जागी पुरेसं नाही.

आणखी एक गोष्ट, ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांतल्या मैत्रिणींसाठी. उसापासूनचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळतात. मातीतले जीवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, त्यात जमिनीतला प्राणवायू संपतो आणि बेंझीन तसंच राहून आणखी पुढपर्यंत वाहत जाऊ शकतं. अभ्यासकांनी हे दाखवलेलं आहे. इथेनॉल वाईट, असा याचा अर्थ नाही. टाकी आणि नळ धड असण्याची गरज वाढली, एवढाच.

आता शेवटी कामाचं. पाण्याला रॉकेल-पेट्रोलचा वास आला, किंवा हंड्यात पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला, तर ते पाणी पिऊ नका. उकळून उपयोग नाही, उलट वाफ स्वयंपाकघरात भरते. तुरटी, क्लोरीन, गाळायचं फडकं यांनी बेंझीन जात नाही. विहिरीत वाकून काडी किंवा दिवा लावून बघू नका. वास कोणत्या तारखेला आला, पाऊस होता का, कुणाकुणाच्या घरी आला, हे वहीत लिहा. मग ग्रामपंचायतीला, जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गावच्या पाण्याची नेहमीची तपासणी जंतू, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांची असते. तीत बेंझीन बघत नाहीत, त्यामुळे ‘पाणी पिण्यास योग्य’ असा दाखला येऊनही वास तसाच राहू शकतो. अर्जात ‘पेट्रोलचा वास येतो, बेंझीन आणि तेलाची तपासणी करावी’ असं स्पष्ट लिहावं लागतं. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून घेतात, कारण मोकळी जागा राहिली की बेंझीन तेवढ्यात उडतं. नमुना घ्यायला येणाऱ्याने प्लॅस्टिकची अर्धी भरलेली बाटली पुढे केली, तर तिथेच थांबवा आणि दुसरी मागा.